वर्ग करा, दोन वजा करा

तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला तुम्ही दिसत नाही. त्याला आता फारसं कुणीच दिसत नाही. साल १७७२, शहर सेंट पीटर्सबर्ग, नेवा नदीच्या काठावरचं घर आणि हा पासष्टीचा माणूस म्हणजे लिओनार्ड ऑयलर. एक डोळा तरुणपणीच गेला. दुसऱ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर तोही गेल्यातच जमा आहे. मोठ्या पाटीवर खडूनं काढलेली ठळक अक्षरं तेवढी त्याला जाणवतात. बाकीचं सगळं डोक्यात चालतं. तो आकडे बोलतो, मदतनीस उतरवून घेतो.

विषय आहे २१४७४८३६४७ ही संख्या. २ चा ३१ वा घात, वजा १. ही मूळ संख्या आहे का, एवढाच प्रश्न. तुम्ही एकविसाव्या शतकातले, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटत असेल. संगणकात चिन्हासह बत्तीस बिटांत मावणारा सर्वांत मोठा धन पूर्णांक हाच. पण इथे संगणक नाही, आणि हा प्रश्न सव्वाशे वर्षं पडून आहे. १६४४ मध्ये पॅरिसमधल्या मारँ मर्सेन नावाच्या संन्याशानं एक यादी छापली होती. २ चा कुठला घात घेऊन त्यातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, त्या घातांकांची यादी. २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. सिद्धता एकीचीही नाही. मर्सेन देशोदेशीच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करणारा, भोवतीच्या प्रत्येक प्रश्नात गुंतलेला माणूस. त्यानं बाण सोडला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांना त्यामागे धावायला लावलं.

मूळ आहे की नाही हे ठरवण्याचा शाळेतला मार्ग तुम्हाला माहीत आहे. लहान मूळ संख्यांनी भागून बघायचं, वर्गमुळापर्यंत. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या पुढेमागे येतं. तिथपर्यंतच्या मूळ संख्या काही हजार आहेत. ऑयलर त्यातल्या बहुतेक सगळ्या एका फटक्यात बाजूला सारतो. तो म्हणतो, या संख्येला विभाजक असलाच तर त्याला ६२ नं भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ नं भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ नं भागल्यावर १ किंवा ६३ एवढ्याच बाक्या शिल्लक राहतात. वर्गमुळापर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आत आहेत, आणि त्यातल्याही मूळ तेवढ्याच तपासायच्या. पहिली ३११. ऐका, तो भाग लावतोय. बाकी ३५. पुढची १३०३. नाही जात. १४८९. नाही जात. असं शेवटपर्यंत. कुठलीच जात नाही. २१४७४८३६४७ मूळ आहे, असं तो बर्नुली नावाच्या गणितीला लिहिलेल्या पत्रात कळवतो.

हे काम सुंदर आहे. पण इथे फार वेळ थांबू नका, कारण हा रस्ता पुढे बंद होतो. यादीतला १२७ घ्या. २ चा १२७ वा घात वजा १. आपण तिला एम-१२७ म्हणू. ऑयलरचीच चाळणी तिला लावली तरी भागून बघायला उरतात त्या संख्या पंचवीस हजार लाख कोटींच्या घरात. सेकंदाला एक भागाकार केला तर ऐंशी कोटी वर्षं लागतील. इतका हुशारीनं केलेला भागाकार, पण शेवटी भागाकारच. त्यापलीकडे काही तरी वेगळं सुचायला हवं, आणि ते सुचायला अजून एक शतक आहे.

आता फ्रान्सला या. १८७६.

एदुआर लुकास तेहतीस-चौतीस वर्षांचा आहे. पॅरिसच्या वेधशाळेत काम केलं, प्रशियाविरुद्धच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी होता, आणि युद्ध संपल्यावर शाळेत गणित शिकवायला लागला. सात वर्षांनी तो ‘टॉवर ऑफ हनोई’ हे चकत्यांचं कोडं काढणार आहे, जे तुमच्या मुलांनी खेळलंय आणि संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षी तुम्हीही कधी तरी सोडवलं असेल. त्याच्या टेबलावर आज जी संख्या आहे ती अशी:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकोणचाळीस अंक. हीच एम-१२७. ती मूळ आहे हे लुकास सांगणार आहे, आणि तिला एकाही संख्येनं भागून न बघता सांगणार आहे. त्याची रीत एका ओळीत मावते. ३ पासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा. उत्तर फार मोठं झालं की एम-१२७ नं भागून फक्त बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा. असं १२५ वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ.

खुर्ची ओढून घ्या आणि आधी लहान संख्येवर हात बसवा. १२७ घेऊ. तीसुद्धा याच घराण्यातली: २ चा ७ वा घात वजा १. इथे ५ पायऱ्या. ३ चा वर्ग ९, दोन वजा, ७. ही पहिली. ७ चा वर्ग ४९, दोन वजा, ४७. ४७ चा वर्ग २२०९, दोन वजा, २२०७. हे १२७ पेक्षा मोठं झालं, भागा, बाकी ४८. ४८ चा वर्ग २३०४, दोन वजा, २३०२, बाकी १६. आता पाचवी पायरी. १६ चा वर्ग २५६, दोन वजा, २५४. म्हणजे १२७ दुणे. बाकी शून्य. १२७ मूळ आहे.

तीन नाही, पाच नाही, सात नाही, अकरा नाही, कुणाचाच भाग लावला नाही. मग खात्री कुठून आली? हे समजून घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही, कारण पुढची दीडशे वर्षं याच पायावर उभी आहेत.

३, ७, ४७, २२०७ या संख्या आकाशातून पडलेल्या नाहीत. त्यांची नाळ १, १, २, ३, ५, ८, १३, २१ या मालिकेशी जुळलेली आहे. प्रत्येक पद आधीच्या दोघांची बेरीज. आपल्याकडे ही मालिका छंदशास्त्रातून आली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर अमुक मात्रांचा चरण किती प्रकारांनी रचता येईल, याचा हिशेब विरहांकानं केला आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानंही मांडला, इटलीतल्या फिबोनाचीच्या पुस्तकाआधी. तिला फिबोनाचीचं नाव रुळवणारा मात्र तुमच्या शेजारी बसलेला हाच लुकास.

या मालिकेचा एक गुण असा: ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, मालिकेतल्या ज्या पदाला ती पहिल्यांदा भाग घालते, त्याचा क्रमांक त्या मूळ संख्येपेक्षा फार तर एकानं जास्त असतो. त्यापेक्षा उशीर तिला करताच येत नाही. ७ पहिल्यांदा भाग घालते ती आठव्या पदाला, म्हणजे २१ ला. ११ दहाव्या पदाला, ५५ ला. आता लुकासच्या रीतीकडे या. शेवटी शून्य आलं, याचा अर्थ असा होतो की एम-१२७ चा कुठलाही मूळ विभाजक या मालिकेत पहिल्यांदा भाग घालतो तो नेमका २ च्या १२७ व्या घाताइतक्या क्रमांकाच्या पदाला, त्याआधी कधीच नाही. पण मूळ संख्या तर स्वतःपेक्षा एकाहून जास्त उशीर करू शकत नाही. म्हणजे तो विभाजक निदान २ चा १२७ वा घात वजा १ एवढा तरी असलाच पाहिजे. म्हणजे तो विभाजक म्हणजे ती संख्याच. दुसरा विभाजक उरलाच नाही. सिद्धता संपली.

मला गणितातल्या ज्या थोड्या सिद्धता जन्मभर पुरतील अशा वाटतात, त्यातली ही एक. संख्येच्या आत न शिरता, बाहेर उभं राहून, तिच्या वागण्यावरून ती अखंड आहे हे कळतं.

पण १२५ वेळा एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग, आणि दर वेळी एकोणचाळीस अंकी संख्येनं भागाकार? इथे लुकासनं दुसरी युक्ती काढली आहे, आणि ती हातांची आहे. समोर पट बघा. बुद्धिबळासारखाच, पण आठ बाय आठचा नाही. १२७ घरं आडवी, १२७ उभी. एकूण १६,१२९ घरं. या पटाचं वर्णन त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. संख्या द्विमान पद्धतीत मांडायची, १ असेल तिथे सोंगटी, ० असेल तिथे रिकामं घर. गुणाकार म्हणजे एकाखाली एक सरकवत मांडलेल्या सोंगट्यांच्या रांगा. एका स्तंभात दोन सोंगट्या झाल्या की दोन्ही उचला आणि शेजारच्या वरच्या स्तंभात एक ठेवा.

आणि भागाकार? तो करावाच लागत नाही. ९९ चं उदाहरण घ्या. १०० ला ९९ नं भागलं की बाकी १, म्हणून २३०२ ची ९९ नं बाकी काढायची तर २३ आणि ०२ यांची बेरीज करा, २५, झालं काम. तसंच २ च्या १२७ व्या घाताला एम-१२७ नं भागलं की बाकी १. म्हणून डावीकडच्या शेवटच्या स्तंभातून बाहेर पडणारी सोंगटी जपमाळेच्या मण्यासारखी फिरून उजवीकडच्या पहिल्या स्तंभात येते. पट स्वतःच बाकी काढतो. गुणाकार करणाऱ्याला गुणाकार येण्याची गरज नाही. सोंगट्या मोजता आल्या आणि सरकवता आल्या की पुरे. पाढे न येणारं पोरही हे करू शकेल, फक्त फार सहनशील हवं. हवं तर एक रांग तुम्ही मांडून बघा. एकेक सोंगटी, एकशे सत्तावीस घरं, आणि ही फक्त पहिली रांग.

एवढ्या सरकवासरकवीत चूक झाली तर? लुकासचा हिशेब दुसऱ्या कुणी पूर्ण तपासायला १९१४ उजाडलं. फोकांबेर्ग नावाच्या फ्रेंच गणितीनं ते केलं. पण नीट विचार करा. मध्ये कुठे चूक झाली तर शेवटी काही तरी भलतीच बाकी येईल. ती भलती बाकी योगायोगानं नेमकी शून्यच असण्याची शक्यता एम-१२७ मध्ये एक, म्हणजे नसल्यासारखीच. चुकलेला हिशेब शून्यावर पोचत नाही. शून्य स्वतःच स्वतःची साक्ष देतं. धोका उलट बाजूला असतो. शून्य आलं नाही, तर संख्या मूळ नाही म्हणून आलं नाही, की तुमचा हात चुकला म्हणून, हे त्या बाकीवरून सांगता येत नाही.

शून्य न येणं कसं दिसतं तेही बघून ठेवा. २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७. इथे सुरुवात ४ पासून करू. लेमर नावाच्या अमेरिकन गणितीनं १९३० च्या सुमारास रीतीला घासूनपुसून जे रूप दिलं, त्यात ४ नं सगळीकडे काम भागतं. ४, १४, १९४, मग बाक्या ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि नवव्या पायरीला १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ मूळ नाही. खरंच नाही, ती २३ गुणिले ८९ आहे. पण १७३६ कडे कितीही टक लावून बघा, त्यात २३ दिसत नाही, ८९ दिसत नाही. ही रीत फक्त सांगते की संख्या फुटते. कुठे फुटते, ते सांगत नाही.

म्हणून वाटेत जरा न्यूयॉर्कला थांबू. ऑक्टोबर १९०३, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. मर्सेनच्या यादीतला ६७ चुकीचा आहे, ती संख्या मूळ नाही, हे लुकासनं १८७६ मध्येच सांगितलं होतं. सत्तावीस वर्षं जगाला ठाऊक होतं की तिला अवयव आहेत, आणि ते कोणते हे एकालाही माहीत नव्हतं. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी जातो. एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा करतो. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ लिहून गुणाकार मांडतो. दोन्हीकडे एकच उत्तर. तो एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला आणि सभागृहात टाळ्या पडल्या, असं पुढे सांगितलं गेलं. प्रसंग सांगणाऱ्यांनी थोडा रंगवला असेल. गुणाकार मात्र रंगवता येत नाही. तुमच्या वहीत करून बघा, जुळतो.

मर्सेनची यादी हळूहळू दुरुस्त होत जाते. ६१ त्यात नव्हता; १८८३ मध्ये उरल भागातल्या पर्वुशिन नावाच्या रशियन धर्मगुरूनं तो मिळवला. ८९ आणि १०७ अमेरिकेतल्या राल्फ पॉवर्सनं, १९११ आणि १९१४ मध्ये. २५७ खोटा निघाला. आणि एम-१२७ सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणून पंच्याहत्तर वर्षं टिकली. १९५१ मध्ये फेरिए नावाच्या फ्रेंच माणसानं हातानं चालवायच्या गणनयंत्रावर चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या काढली, त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकानं एकोणऐंशी अंकी.

३० जानेवारी १९५२. लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं आवार, संध्याकाळ. खोलीत स्वॅक नावाचं यंत्र आहे. दोन हजारांवर निर्वात नळ्या. त्याची स्मृती म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या नळ्या, त्यांच्या काचेवर विजेच्या भाराचे ठिपके, ठिपका एका तऱ्हेचा असेल तर १, दुसऱ्या तऱ्हेचा तर ०. सगळी मिळून २५६ शब्दांची जागा, प्रत्येक शब्द ३७ बिटांचा. आजच्या हिशेबानं दीड किलोबाइटसुद्धा नाही. याच जागेत प्रोग्रॅमही बसवायचा आणि संख्याही.

प्रोग्रॅम लिहिलाय राफाएल रॉबिन्सन यांनी, बर्कलीत बसून. लिहिताना त्यांनी हे यंत्र पाहिलेलंही नव्हतं. समोर फक्त यंत्राची माहितीपुस्तिका. तुम्ही कधी प्रोग्रॅम लिहिला असेल तर थोडा विचार करा: पडदा नाही, चूक दाखवणारं कुणी नाही, एकेक आज्ञा यंत्राच्या भाषेत, शेकडो बिटांची संख्या ३६-३६ बिटांच्या तुकड्यांत कापून तिचा वर्ग, आणि भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून ते सगळं आत जाणार. रॉबिन्सन यांचा हा पहिलाच प्रोग्रॅम. तो चालू केला, आणि पहिल्याच फटक्यात बरोबर चालला. आजवरच्या प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात मला याहून जास्त आदर वाटावा असं फार थोडं आहे.

खोलीत डेरिक लेमर आहेत, ज्यांच्या सुधारित रीतीनं २०४७ तपासली तेच. सोबत त्यांच्या पत्नी एमा, त्याही संख्यासिद्धान्तातल्याच. यंत्राला आधी २५७ दिला जातो. हा लेमर यांच्या ओळखीचा आहे. तरुणपणी त्यांनी टेबलावरच्या गणनयंत्रावर शेकडो तास घालून दाखवलं होतं की ही संख्या मूळ नाही. स्वॅकला त्यासाठी मिनिटही लागत नाही. लेमर यांच्याकडे बघा. तरुणपणचे ते शेकडो तास यंत्रानं त्यांच्या डोळ्यांदेखत मिनिटाच्या आत उरकले. त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल हे मी सांगणार नाही, पण त्यांची जुनी मेहनत बरोबर होती याची साक्ष यंत्रानं दिली, एवढं खरं.

मग पुढचे घातांक. एकामागून एक. शून्य नाही. शून्य नाही. रात्री दहाच्या सुमारास घातांक ५२१. ५१९ वेळा वर्ग करा, दोन वजा करा. शेवटच्या बाकीत सगळी शून्यं. एकशे सत्तावन्न अंकांची मूळ संख्या. एम-१२७ नंतर शहात्तर वर्षांनी मर्सेनच्या घराण्यात एवढं मोठं नवं मूल. घरी जायची घाई करू नका, कारण मध्यरात्रीच्या आधी ६०७ पण शून्यावर पोचतो. त्याच वर्षी पुढे १२७९, २२०३ आणि २२८१. मग यंत्रातली जागा संपते.

यंत्राच्या आत काय चाललंय ते पुन्हा एकदा नीट बघा. संख्येच्या डाव्या टोकाबाहेर पडलेला बिट फिरून उजवीकडे येतो. लुकासच्या पटावर सोंगटी यायची तसाच. पटाची जागा नळ्यांनी घेतली, बाकी रीत तीच.

कानपूरला जाताजाता एक नजर टाकू, ऑगस्ट २००२. लुकासची रीत या एकाच घराण्याला लागू पडते, कारण इथे संख्येत १ मिळवला की २ चा निव्वळ घात मिळतो. कुठलीही संख्या दिली तर ती मूळ आहे का, हे खात्रीनं आणि वाजवी वेळात सांगणारी रीत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. त्यातले दोघे नुकतेच पदवी घेतलेले. तत्त्व म्हणून तिची उंची फार मोठी. पण मर्सेनच्या घराण्यात धावायला अजूनही लुकासचाच घोडा वेगवान.

आता डब्लिन, आयर्लंड. ११ ऑक्टोबर २०२४.

इथे बघायला कुणी नाही. डेटासेंटरमधल्या कपाटात एनव्हिडियाचा एक ग्राफिक्स प्रोसेसर आहे, ज्याच्या भावंडांवर एरवी कृत्रिम बुद्धिमत्तेची कामं चालतात. ल्यूक ड्युरंट या अमेरिकन माणसानं सतरा देशांतल्या अशा भाड्याच्या यंत्रांना एका कामाला जुंपलं आहे. काम ‘गिम्प्स’ या संघटनेचं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली. जगभरातल्या लोकांनी आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ द्यायचा आणि मर्सेनच्या घराण्यातल्या मूळ संख्या शोधायच्या.

त्या दिवशी डब्लिनच्या यंत्रावर एक घातांक प्राथमिक चाचणीत पास होतो. १३,६२,७९,८४१. लगेच दुसऱ्या दिवशी अमेरिकेत सॅन अँटोनियोतलं दुसऱ्या जातीचं यंत्र लुकास-लेमर चाचणी पूर्ण करतं. चारपासून सुरुवात, तेरा कोटी बासष्ट लाखांवर वर्ग, दर वेळी दोन वजा. दर वर्ग चार कोटी अंकांच्या संख्येचा. शेवटी शून्य. या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. ८८१६९ नं सुरू होते, ५५१ नं संपते. तुम्ही सेकंदाला एक अंक या वेगानं, न झोपता, न जेवता वाचायला बसलात तर सव्वा वर्ष उलटून जाईल आणि वाचन संपलेलं नसेल.

चार कोटी अंकांचा वर्ग पाठ्यपुस्तकातल्या पद्धतीनं करत नाहीत. संख्येचे तुकडे लहरींसारखे मानून, फूरिए रूपांतर करून करतात. आणि ते रूपांतर असं निवडतात की टोकाच्या बाहेर गेलेला भाग आपोआप फिरून सुरुवातीला येतो, म्हणजे भागाकार इथेही फुकट होतो. डब्लिनच्या प्राथमिक चाचणीची रीत थोडी वेगळी, पण तीही वर्गावर वर्ग करत जाणारीच, आणि तिच्यात मध्ये मध्ये स्वतःची चूक पकडण्याची सोय आहे. ती सोय गरजेची आहे. तेरा कोटी वर्गांत एक बिट उलटला की सगळं वाया, आणि वर म्हटलं तसं, शून्य आलं नाही तर संख्या संयुक्त होती की हिशेब वाया गेला, हे कळत नाही. याच कामानं इंटेलच्या एका प्रोसेसर-पिढीतला दोषही २०१६ मध्ये उघड केला. यंत्राला इतकं अचूक आणि इतका वेळ राबवणारं दुसरं काही फारसं नाही.

या संख्येचा उपयोग काय, असं तुमच्या बरोबर आलेलं कुणी तरी विचारेल. बँकेच्या व्यवहारांची गुपितं राखणाऱ्या मूळ संख्या काहीशे अंकांच्या असतात आणि कुणाला माहीत नसणं हाच त्यांचा उपयोग. ही तर जगाला माहीत आहे. तिला उपयोग नाही. मला तो असावा असं वाटतही नाही. ती मूळ आहे, पृथ्वी नव्हती तेव्हाही होती, आणि हे आपल्याला २०२४ च्या ऑक्टोबरपासून ठाऊक आहे. एवढं पुरेसं आहे.

ती ज्ञात मर्सेन मूळ संख्यांपैकी बावन्नावी. ज्ञात. कारण तिच्या आणि तिच्याआधी सापडलेलीच्या मधले सगळे घातांक दोनदा तपासून झालेले नाहीत. २००८ मध्ये ४,३१,१२,६०९ हा घातांक आधी सापडला, आणि दोन आठवड्यांनी त्याच्या मागे राहून गेलेला ३,७१,५६,६६७. पुढची सापडेल ती आजच्या विक्रमापेक्षा लहानही असू शकते.

आता एक ठिकाण उरलं, आणि तिथे जायला तारीख माहीत नाही. १८७६ मध्ये बेल्जियमच्या कातालाननं एक साखळी दाखवली. २ घ्या. २ चा २ रा घात वजा १ म्हणजे ३. २ चा ३ रा घात वजा १ म्हणजे ७. २ चा ७ वा वजा १ म्हणजे १२७. २ चा १२७ वा वजा १ म्हणजे लुकासची एम-१२७. पाचही मूळ. मग २ चा ‘एम-१२७ वा’ घात वजा १? ती लिहून काढायला लागणारे अंकच अडतीस अंकी संख्येएवढे. लुकासची रीत तिथे चालवता येणार नाही, डब्लिनसारखी सगळी यंत्रं जोडली तरी नाही. तिचा एखादा विभाजक सापडला तरच काही कळेल, आणि तो शोधणं मात्र तुमच्या हातातलं आहे. एम-१२७ ला एखाद्या सम संख्येनं गुणून १ मिळवा, की झाला उमेदवार. मग २ चा वर्ग करा, त्या उमेदवारानं भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग, असं १२७ वेळा. शेवटी बाकी २ आली तर तो विभाजक आहे, आणि साखळी तिथे तुटली. चाळीस-पंचेचाळीस अंकी संख्यांचा हा हिशेब तुमचा फोन डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. लोकांनी असे प्रचंड उमेदवार तपासले आहेत. बाकी २ आजवर एकदाही आलेली नाही.